अकोल्याहून निघालेला हार

आमच्या कॉलेजच्या दोस्ताइपैकी कोणाचं काय भलं झालं, ते जगात सगळ्यात पयले मले समजते. सुधाकर मेला हे समजाले मात्र मले संध्याकाळ झाली, अन् तोवर मी सकाळीच त्याचं अभिनंदन करून बसलो होतो.

कसं, ते सांगतो.

माहं गाव पातूर, हाराचं दुकान अकोल्यात. बाप फुलं लावे, मी ओवतो. मधात कॉलेज आलं. बापाले वाटलं, एक पोट्टा तरी शिकावा, म्हणून त्यानं मले अमरावतीले धाडलं. बी.ए.च्या पयल्या वर्षाले मी तीनदा बसलो अन् तिन्ही वेळा तठीच बसून रायलो. त्याचा एक फायदा झाला. बाकीच्याइले एका बॅचचे दोस्त असतात, मले तीन बॅचचे हायेत. त्यातले कोणी साहेब झाले, कोणी हेडमास्तर, कोणाची पोट्टी डॉक्टर झाली. याइच्या गळ्यात जेवढे हार पडले त्यातले निम्मे माह्या हातचे, असं मी सांगत फिरतो. खरं पाहता दोन-चार असतील.

ग्रुपवर माहं एकच काम. कोणाचं प्रमोशन झालं, कोणाच्या पोराचा नंबर लागला, कोणी घर बांधलं, का पयला मेसेज गजाननचा. मजकूर तयार करूनच ठेवला हाय. ‘हार्दिक अभिनंदन भाऊ. अशीच प्रगती करत राहा. आम्हाला तुमचा अभिमान आहे.’ त्याच्याखाली गुलाबाचा गुच्छ. हे एवढं शुद्ध मले कुठचं येते? चौकातल्या एका फ्लेक्सवरून उतरवलं. बोट दाबलं का जाते.

त्या दिवशी सकाळी बाजारातून फुलं आल्ती, हात ओले, चष्मा घरी रायलेला. मोबाईल वाजला. पायलं तं सुधाकरचा फोटो. फेटा बांधलेला, हसून राहिला, चारी बाजूनं फुलं. तो अचलपूरले मास्तर होता. म्हटलं, सुध्याले आदर्श शिक्षकाचं काहीतरी भेटलं. बोट दाबलं.

फोटोखालचं अक्षर बारीक होतं. अन् फेट्यातला फोटो त्याच्या भाचीच्या लग्नातला होता, घरच्याइले दुसरा चांगला सापडला नाई.

बरं, मी एकटा चुकलो असतो तं चाललं असतं. पण मी पयला. गजानननं अभिनंदन केलं म्हणजे काही भेटलंच असंल, असं समजून माह्यामागं सात-आठ शिकलेल्या माणसाइनं अभिनंदन ठोकलं. त्यात एक हेडमास्तर. मंग कोणीतरी एकानं वाचलं.

संध्याकाळी बायकोनं, वंदनानं, चष्मा लावून मोबाईल पायला. म्हणे, “तुमी वाचत नाई का हो काही? माणूस गेला अन् तुमी त्याले म्हणता अशीच प्रगती करत राहा.”

मी लगेच तो मेसेज पुसला.  वंदना भाकर वाढून गेली, ती तशीच रायली.

सुध्या म्हणजे कोण, ते सांगाले पाहिजे. कॉलेजात माही हजेरी तो लावे. मी असो राजकमल चौकात नाई तं टॉकीजच्या दारात, अन् मास्तरानं नाव घेतलं का सुध्या मागच्या बाकावर तोंड खाली घालून माह्या आवाजात ‘हजर सर’ म्हणे. माहा आवाज असा फाटका, तो काढता काढता त्याचा घसा बसे. माह्या तीन वर्षाइतल्या पयल्या वर्षीच तो माह्यासंगं होता, मंग पुढं गेला, तरी येऊन माही हजेरी लावून जाय. एकदा तं मी वर्गात होतो अन् सवयीनं तोही ‘हजर’ म्हणाला. मास्तर म्हणे, हा गजानन एक शिकत नाई अन् दोन दोन येते.

वंदना म्हणे, फोन करून माफी मांगा. पण फोनवर सुध्याच्या बायकोचा, शोभा वयनीचा, आवाज आला असता तं मी ठेवून देला असता, मी मले ओळखतो. म्हटलं, तेरवीच्या आधी जाऊन येतो. हार घेऊन जातो. दुसरं काय येते मले?

अकोला ते अमरावती

हाराचं थोडं सांगतो, नाई तं पुढचं समजणार नाई. जित्या माणसाचा हार वेगळा अन् फोटोचा वेगळा. सत्काराच्या हारात गुलाब पाहिजे, जरी पाहिजे, खाली गोंडा पाहिजे, अन् वजन असं पाहिजे का माणसाले मान दुखली तरी बरं वाटावं. फोटोचा हार पांढरा. शेवंती, मधी मधी तुळस. जरी नाई, गोंडा नाई. सुध्याचा हार मी पहाटे उठून ओवला. चांगला झाला. माहं काही चांगलं झालं का मले भेव वाटते, कारण पुढं काहीतरी होतेच.

हार ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवला, टोपली मांडीवर, अन् एसटीत खिडकीजवळ बसलो. दिवस थंडीचे. मूर्तिजापूरच्या पुढं दोन्हीकडं कपाशी फुटलेली, तुरीले पिवळा फुलोरा. वास शेवंतीचा सगळ्या गाडीत पसरला.

कंडक्टर बाई तिकीट फाडता फाडता म्हणे, “काका, कोणाचा सत्कार हाय?”

“मित्राचा.”

“काय भेटलं त्याइले?”

आता काय सांगाव? तोंडात आलं ते बोलून गेलो. “सुट्टी भेटली.”

“नशीब काढलं,” ती म्हणे, “आमचा तं अर्जच पडून हाय,” अन् पुढच्या सीटवर गेली.

माह्या शेजारी एक बुवा बसले होते ते हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत रायलो.

अमरावती

अमरावतीले उतरायची खरं तं गरज नव्हती, अकोल्याहून सीधी परतवाड्याची गाडी भेटते. पण एकट्यानं त्या घरात पाय ठेवायची हिंमत नव्हती. म्हटलं, रमेशले संगं घ्यावं. रमेश आमच्याच बॅचचा, सुध्याच्या अन् त्याच्या खोल्या शेजारी. आता तो एका सरकारी ऑफिसात मोठा साहेब हाय. महिन्याभराआधी त्याले बढती भेटली तवा पयला मेसेज कोणाचा होता, ते सांगाची गरज नाई.

पयले स्टँडबाहेर गिला वडा खाल्ला. ज्याइनं अमरावती पायली नाई त्याइले सांगतो, हा वडा दह्यात असा बुडालेला राहते का त्याले शोधा लागते, अन् वरून चटणी. आमच्या अकोल्यात वडा कोरडा अन् मिरची वेगळी, माणसाले काय खाऊन राहिलो ते दिसते. भूक नव्हती. भेव वाटलं का मी खातो. चटणी सदऱ्यावर सांडली, ती पुसता पुसता पसरली, अन् असा मी साहेबाच्या ऑफिसात गेलो, छातीवर हिरवा डाग अन् हातात फुलाची टोपली.

दारातल्या शिपायानं टोपलीचा वास घेतला अन् माह्या तोंडाकडं न पाहता आत जाऊन सांगतलं, “साहेब, सत्काराले आले.”

मी म्हणतो, “नाई हो, मी...” तोवर दार उघडलं. आत चार-पाच लोक फायली घेऊन उभे होते. रमेश खुर्चीतून उठला. “अरे गज्या. अकोल्याहून आला? एवढ्यासाठी?” शर्ट खाली ओढला, टेबलाच्या बाजूनं फिरून माह्यासमोर आला, हात जोडले अन् मान पुढं केली.

आता तुमी म्हणाल, तोंड नव्हतं का तुले? होतं. पण तीस वर्षं मी हे काम करतो. कोणी समोर येऊन मान वाकवली का माहे हात आपोआप वर जातात. फडकं कवा सोडलं ते मले आठवत नाई. आठवते ते एवढंच का हार रमेशच्या गळ्यात होता अन् लोक टाळ्या वाजवत होते.

एक बाई मोबाईल काढून फोटो घेऊन राहिल्या होत्या. “सर, इकडं पाहा. काका, तुमीही हसा.” मी हसलो.

शिपाई हळूच म्हणे, “पांढराच आणला?”

“साहेबाले पांढरा आवडते,” मी म्हटलं.

लोक गेले. चहा आला. रमेश हार तसाच घालून बसला, मोबाईलमधी फोटो पाहून राहिला. बाईनं त्याले धाडला अन् त्यानं तवाच ग्रुपवर टाकलाही. म्हणे, “तू आलास, बरं वाटलं. बाकी सगळे अंगठे दाखवतात. प्रत्यक्ष येणारा तू एकटाच.”

मी कपातल्या चहाकडं पाहून म्हटलं, “रमेश, मी सुध्याच्या घरी चाल्लो. तू येतं का, हे इचाराले आलो.”

“सुधाकर. हो रे. वाईट झालं.” अन् मंग त्याचा हात हारावर थांबला. शेवंतीचं एक फूल त्यानं बोटात धरलं, तुळशीचं पान पायलं. गावचाच माणूस तो, त्याले समजलं. “गज्या. हा हार...”

“हो.”

रमेशनं शिव्या देल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं. त्यानं दोन्ही हातानं हार हळूच डोक्यावरून काढला, हातात धरून उभा रायला अन् इकडंतिकडं पाहू लागला. टेबलावर फायली, खुंटीवर कोट, भिंतीवर सगळे मोठ्या लोकाइचे फोटो.

“हा कुठं ठेवू बे?” तो म्हणे. साहेबाचं मराठी गेलं अन् खोलीवरचं परत आलं.

 घातलेला हार दुसऱ्याले चढवत नाई, तो मी परत मांगू शकत नव्हतो. त्यानं तो शेवटी खुर्चीच्या पाठीवर ठेवला अन् स्वतः बाजूच्या लाकडी खुर्चीवर बसला.

मी म्हटलं, “माहा तो मेसेज. मी तं त्याच दिवशी पुसला, पण त्याच्या घरच्याइनं पायला असंल का?”

“पुसला? कुठं पुसला?” त्यानं मोबाईल माह्यापुढं धरला. वर फेट्यातला सुध्या, खाली माहा गुच्छ. हार्दिक अभिनंदन भाऊ. “तू फक्त तुह्या मोबाईलमधून पुसला. सगळ्याइचा पुसाले वेगळं दाबा लागते. आता तो जात नाई.” मंग मोबाईल उलटा ठेवून म्हणे, “तुहं पाहून मीही टाकलं होतं. मी पुसलं. आमचे सगळ्याइचे गेले, तुहाच रायला.”

म्हणजे एवढे दिवस तो मेसेज सगळ्या गावाले दिसत होता अन् माह्या एकट्याच्या मोबाईलमधी नव्हता. मी खुश होतो का गेला.

“चाल नं संगं,” मी म्हटलं.

“दुपारी मीटिंग हाय रे. तेरवीले पाहतो.” मंग म्हणे, “मी श्रद्धांजली टाकली, गज्या. नंतर. मोठी लिहून टाकली.”

त्यानं मले जिन्यापर्यंत सोडलं. साहेब लोक कोणाले जिन्यापर्यंत सोडत नाईत, म्हणून शिपाई उभा झाला. मी वळून पायलं तं रमेश तठीच उभा, रिकामे हात कुठी ठेवाव ते न समजलेला.

परतवाड्याची गाडी

टोपली रिकामी. आतमधी ओलं फडकं अन् शेवंतीच्या चार पाकळ्या. वलगाव गेलं, आसेगाव गेलं. संत्र्याचे बगीचे लागले, झाडं फळाइनं वाकलेली, फांद्याइले बांबूचे टेकू. समोर सातपुडा निळा दिसाले लागला. चांगला रस्ता हाय, कोणी जाणार असलं तं दिवसा जा. मी पायला, पण माहं ध्यान नव्हतं.

खिशात मोबाईल थरथरत होता. काढून पायला. रमेशचा फोटो, गळ्यात सुध्याचा हार, बाजूले मी, सदऱ्यावर चटणी. खाली अभिनंदनाचा पाऊस. ‘शोभून दिसतो साहेब.’ ‘काय सुंदर हार.’ एकानं लिहिलं होतं, ‘गजानन, आज तुझा मेसेज कुठे?’ त्या दिवशी पयल्यांदा माहा मेसेज गेला नाई.

रमेशनं फोटो पुसाले पाहिजे होता. मंग वाटलं, काय म्हणून पुसंल? सगळे इचारतील का काहून पुसला.

परतवाडा स्टँडवर उतरलो. ज्याइले माहीत नाई त्याइच्यासाठी, परतवाडा अन् अचलपूर दोन गावं हायेत, मधात नदी. परतवाड्यात सारा बाजार, लाकडाचा, फर्निचरचा, मेळघाटात जाणाऱ्या गाड्याइचा गलका. नदी ओलांडून अचलपुरात गेलं का आवाज खाली बसते, जुने दगडी दरवाजे, गल्ल्या. फुलाची दुकानं परतवाड्यात होती. तीन पायली. गुलाबाचे, जरीचे. पांढरा हार नव्हता. एक जण म्हणे, “जरी काढून देऊ का?” मी नाई म्हटलं. दुसऱ्या हारवाल्याकडून हार घेऊन सुध्याच्या घरी जायचं, तेही जरी काढून, हे काही मनाले पटलं नाई. ऑटोत बसलो तवा समजलं का आपण हातात काहीच न घेता चाल्लो.

अचलपूर

सुध्याचं घर दोन खोल्याइचं, वर स्लॅब, पुढं लहानशी ओसरी अन् अंगण. अंगणात झेंडू असा फुललेला का पाऊल ठेवाले जागा नाई. ओसरीत बाजेवर सुध्याची माय. आतल्या भिंतीशी शोभा वयनी, मान टेकून. सुध्याची पोट्टी, पूनम, नागपूरले शिकते, ती दारात उभी. आत पाटावर तोच फोटो, फेट्यातला. समोर दिवा. हार नाई.

मी चपला काढल्या, ओसरीच्या कडेले बसलो. कोणी काही इचारलं नाई. दुःखाच्या घरी आमच्याकडंही असंच हाय, येणारा बसते, मंग थोड्या वेळानं कोणीतरी बोलते. मी बसून रायलो.

माय म्हणे, “कोण होय?”

“गजानन. पातूरचा. कॉलेजात संगं होतो.”

पूनमनं माह्याकडं पायलं. “तुमीच का ते प्रगतीवाले?”

इतक्या साध्या आवाजात इचारलं का मले दोन घडी समजलं नाई. समजलं तवा मान खाली गेली. “हो. मीच.”

“बाबाले जाऊन दोन तास झाले होते,” ती म्हणे. “आजीनं मले सांगतलं, ग्रुपवर टाक, त्याच्या दोस्ताइले समजू दे. मी बाबाच्याच मोबाईलवरून टाकलं. पयला तुमचा आला. मंग एकामागं एक. मले वाटलं तुमी सारे मिळून त्याइची टवाळी करून राहिले. मी आईले दाखवलंच नाई दोन दिवस.”

“मी वाचलं नाई, माय. चष्मा नव्हता.”

“चष्मा नव्हता तं टाकलं कायले?”

 मी हात जोडले. ती आत निघून गेली. वयनी म्हणे, “राहू दे भाऊ. तिचा सोभाव तिच्या बापासारखा नाई, माह्यासारखा हाय.” मंग म्हणे, “त्याइले समजलं असतं. ते म्हणाले असते, गज्यानं वाचलं नसंल.”

मायनं माह्या टोपलीकडं पायलं. “हारवाला नं तू? सुधा सांगे. हार नाई आणला?”

मी सगळं सांगतलं. पहाटे ओवला ते, रमेशची मान पुढं आली ते, टाळ्या वाजल्या ते. लपवाले काही रायलं नव्हतं. सांगताना माहं मलेच हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाई.

तेवढ्यात आत मोबाईल वाजला. टुंग. पुन्हा टुंग. पूनम तो घेऊन बाहेर आली. सुध्याचा मोबाईल. खिडकीत चार्जिंगले लावलेला होता, वायर अजून लोंबत होती.

“दुपारपासून वाजून राहिला,” वयनी म्हणे. “मी बंद नाई केला. रोज चार्ज करतो.”

पूनमनं उघडून पायलं अन् मोबाईल माह्यापुढं धरला. “हाच का तो हार?”

“हाच.”

वयनीनं हात पुढं केला. फोटो जवळ घेऊन पायला, बोटानं मोठा केला. रमेशच्या तोंडाकडं नाई, हाराकडं पाहत रायली. “चांगला ओवला होता,” ती म्हणे, अन् मोबाईल परत देला.

मी उठलो. “वयनी, सुई-दोरा हाय का घरात? जाड असला तं बरं.”

पूनमनं डबा आणला. मी अंगणात उतरलो अन् झेंडू तोडला. पिवळा तेवढा घेतला, भगवा नाई घेतला. तो झेंडू सुध्यानं लावला होता, असं माय म्हणे. ओसरीत बसून ओवाले लागलो. सुई बारीक, दोरा शिवणाचा. डेठ फाटून फूल पडे. बोटात सुई शिरली दोनदा. तीस वर्षाइचा कारागीर अन् पयल्या वर्षाच्या पोट्ट्यासारखा ओवून राहिलो.

मी ओवत होतो तवा वयनी बोलली. मले नाई, भिंतीले सांगितल्यासारखं.

सुध्याची किडनी गेल्ती. वरीसभर हप्त्यातून दोनदा अमरावतीले जाऊन मशीनवर पडून राहा लागे. ग्रुपवर कोणाले सांगतलं नव्हतं. “मी म्हणो, सांगा नं, एवढे दोस्त हायेत. तं म्हणे, अठी सारे चांगलंच टाकतात, त्यात हे कुठी टाकू? पण तुमचे सगळ्याइचे वाचे. मशीनवर पडल्या पडल्या मले वाचून दाखवे. कोणाचा पोट्टा कुठी गेला, कोणाले काय भेटलं. तुमचा गुच्छ आला का म्हणे, आला गज्या.”

माह्या हातातलं फूल खाली पडलं. मी उचललं.

“एकदा टाकलं होतं त्याइनं,” ती म्हणे. “उन्हाळ्यात. त्या दिवशी मले ताप होता, ते एकटेच गेल्ते. लिहिलं होतं का अमरावतीले दवाखान्यात आहो, कोणी जवळपास असलं तं या, बसू. तेवढंच. त्याच वक्ताले कोणाची तरी पोट्टी डॉक्टर झाल्याचं आलं. मंग त्याच्यावर अभिनंदनच अभिनंदन. याइचं वर सरकत गेलं. घरी आल्यावर मले दाखवाले लागले तं त्याइलेच सापडत नव्हतं.”

पोट्टी कोणाची ते मले माहीत होतं. त्या अभिनंदनातला पयला गुच्छ कोणाचा, तेही. मी त्या दिवशी अमरावतीतच होतो, एका लग्नाचे हार घेऊन. हे मी वयनीले सांगतलं नाई. तुमाले सांगून राहिलो.

हार झाला. आखूड झाला, एका बाजूनं फुगलेला. वयनीनं उठून माह्या हातातून घेतला अन् फोटोले घातला. फेट्यावर अटकला, तिनं दोन बोटानं सोडवून खाली घेतला. फेटा, हसू अन् झेंडूचा वाकडा हार. सुध्यानं तो पाहून काय म्हटलं असतं ते मले माहीत हाय, पण ते अठी लिहिण्यासारखं नाई.

शेजारच्या घरून वरण-भाकर आली. बिनफोडणीचं वरण, तेरवीपर्यंत या घरात फोडणी नाई. आमच्या पातूरलेही तसंच हाय. मी नाई म्हणत होतो, पण माय म्हणे, आल्या माणसानं दोन घास खाल्ले पाहिजे. खाल्लं. सकाळच्या गिल्या वड्याची चव आठवून मले लाज वाटली. पूनम पाणी घेऊन आली अन् गिलास माह्याजवळ ठेवून म्हणे, “तो मेसेज राहू द्या आता. मी काढाले सांगणार होतो तुमाले. राहू द्या.”

काहून राहू द्या, ते मी इचारलं नाई.

ऊन उतरलं तवा मी चपला घातल्या. दुःखाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाईत, हे मले माहीत हाय, तेवढं मी बरोबर केलं. गप उठून निघालो असतो तं सारंच बरोबर झालं असतं. पण माहं तोंड. माय बाजेवर बसून माह्याकडंच पाहत होती, अन् मनातून मले थोडं बरं वाटून राहिलं होतं, एवढ्या मोठ्या ग्रुपमधून आपण आलो, हार ओवला, जेवलो. तं मी बोलून गेलो, “आई, तीन बॅचमधून मी एकटाच आलो पाहा.”

मायनं पदरानं तोंड पुसलं.

“चुकला म्हून आला तू, बाप्पा,” ती म्हणे. “चुकला नसता तं तूही मोबाईलवर दोन हात जोडलेले टाकून मोकळा झाला असता.”